नाक्यावरचा मुलगा आणि आपल्या संस्कारकथा

आपल्या मंडळाने गेल्या वर्षी किशोरवयीन मुलामुलींसाठी कथास्पर्धा घेतली. 'संगत' हा विषय सुचविण्याचे श्रेय किंवा अपश्रेय आमचेच. समा परिसरातून आणि शहरातल्या जुन्या पोळांमधून वीस-पंचवीस कथा आल्या. मराठी माध्यमाच्या वर्गांना उतरती कळा लागलेली असताना इतकी मुले मराठीत लिहावयास बसतात, याचा आम्हांस मनापासून आनंद झाला, हे प्रथमच नमूद करतो. तो आनंद ओसरला कथा वाचावयास घेतल्यावर.

एक कथा वाचली की बाकीच्या वाचण्याची आवश्यकता उरू नये, इतका त्यांचा सांगाडा एक होता. एक गुणी मुलगा, त्याला पानाच्या गल्ल्यावर भेटलेले दोन वाईट मित्र, एक सिगारेट, एक चोरी, एक मारामारी, मग आईचे अश्रू किंवा गुरुजींचे दोन शब्द, पश्चात्ताप, आणि दहावीला प्रथम श्रेणी. या मुलांचा आम्ही दोष मानत नाही. परीक्षकांना काय आवडते, हे मुले फार लवकर ओळखतात. आम्हांला जे हवे होते तेच त्यांनी आमच्यापुढे वाढले.

एक कथा मात्र निराळी होती. शाळेच्या वहीतून फाडलेली चार पाने, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, प्रत्येक तिसऱ्या ओळीत एक गुजराती शब्द. कथेतला पंधरा वर्षांचा मुलगा मित्राच्या स्कूटरवर मागे बसून 'खेप' पोहोचवतो. ज्या राज्यात स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे, तेथील वाचकांस खेप म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. टोळीच्या म्होरक्याने या मुलाच्या आईच्या आजारपणात दवाखान्याचे पैसे भरलेले आहेत, त्याला नवे बूट घेऊन दिले आहेत आणि तो त्याला चारचौघांत नावाने हाक मारतो. शाळेत हा मुलगा केवळ हजेरीपटावरचा एक क्रमांक आहे. शेवटी एका रात्री पोलिसांची गाडी दिसते, साथीदार पांगतात आणि मुलगा समा तलावाच्या काठाशी एकटा उभा राहतो. कथा तेथेच संपते. पश्चात्ताप नाही आणि प्रथम श्रेणीही नाही.

ती कथा आम्ही बाद केली. 'बोधाचा अभाव. शुद्धलेखन सदोष. गुजराती शब्दांचा अतिरेक.' हा शेरा आमच्याच हस्ताक्षरात आहे. कथांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. त्यामुळे लेखक कोण हे तेव्हा कळले नाही. निकालानंतर काही दिवसांनी तो मुलगा आपली पाने परत न्यावयास आला. आडनाव ऐकून आम्ही चपापलो. त्याचे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते आणि त्या घराशी आमच्या घराचा तीन पिढ्यांचा परिचय. शेरा वाचून तो रागावला नाही. जाता जाता एवढेच म्हणाला, "काका, बाकीच्यांच्या गोष्टीत तो मुलगा शेवटी घरी परत जातो ना? तिथे त्याची वाट बघणारं कोण असतं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नापोटी लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलांना टोळ्यांपासून परावृत्त करण्यासाठी आपण ज्या कथा लिहितो, छापतो आणि गौरवितो, त्या त्या मुलांसाठी नसतातच. त्या आपल्या स्वतःच्या समाधानासाठी असतात. टोळी मुलाला काय देते हे प्रामाणिकपणे सांगण्याचे धैर्य ज्या कथेत नाही, ती कथा त्याला टोळीतून बाहेर काढू शकत नाही.

आपल्या किशोरवाङ्मयाची परंपरा मुळात इतकी भित्री नव्हती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली 'श्यामची आई' ही संस्कारकथांची गंगोत्री मानली जाते. परंतु त्या पुस्तकात 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाचे एक प्रकरण आहे, याचा आपल्याला सोयिस्कर विसर पडतो. तेथे चोर कोणी वाईट मित्र नव्हे. चोर स्वतः श्याम आहे, आणि चोरी पुस्तकांच्या लोभाने केलेली आहे. निवेदकाने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले म्हणून आईचे बोलणे वाचकाच्या काळजाला भिडते. गुरुजींच्या अनुकरणकर्त्यांनी आईचा उपदेश तेवढा उचलला आणि श्यामची चोरी गाळून टाकली. मागे उरली ती नुसती शिकवण.

दुसरी परंपरा साहसकथेची. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपल्या सर्वांचा फास्टर फेणे, याच्यावर आम्ही जीव टाकला आणि आजही टाकतो. भागवत २००१ साली गेले, तेव्हा आमच्या पिढीला घरातले कोणी गेल्यासारखे वाटले होते. परंतु त्या कथांतली टोळी पाहा. ती बहुधा बाहेरून आलेली असते, मोठ्या माणसांची असते आणि मुलाने तिला पकडून द्यावयाचे असते. फेणेच्याच वर्गातला, फेणेच्याच वयाचा एखादा मुलगा त्या टोळीत जाऊन बसला आहे, आणि तो फेणेपेक्षा वाईट नाही, केवळ त्याच्या घरची परिस्थिती निराळी आहे, अशी कथा आपल्याला कोणी सांगितली नाही. भागवतांकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल; साहसकथेचे काम त्यांनी चोख बजावले. त्यांच्यानंतरच्यांनी पुढचे पाऊल टाकले नाही, ही आमची तक्रार आहे.

प्रौढांच्या मराठी साहित्याला हे सारे ठाऊक होते. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने १९६५ साली मुंबईच्या चाळीच्या नाक्यावरची पोरे जशीच्या तशी उभी केली, तेव्हा अश्लीलतेची केवढी आरडाओरड झाली! पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि संप रीतसर न मिटताच विझला. ज्या घरांत भोंग्यावर दिवस सुरू होत असे, त्या घरांतल्या मुलांपुढे काहीच उरले नाही; त्यांतली काही गिरणगावातल्या दादांच्या दाराशी गेली. जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये अशाच एका गिरणी कामगाराच्या घराची पडझड आहे, आणि त्या घरातला मुलगा टोळीत जातो तो राक्षस म्हणून नव्हे, तर आईच्या डोळ्यांदेखत हातून निसटलेला मुलगा म्हणून. हे नाटक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले, हळहळ व्यक्त केली आणि घरी येऊन नातवाच्या हाती पुन्हा 'वाईट मित्र, चांगला मित्र' दिले. जे सत्य चाळिशीतल्या वाचकाला सोसवते ते पंधरा वर्षांच्या मुलाला सोसवणार नाही, असे आपण गृहीत धरले. वस्तुतः ते सत्य जगतो तो पंधरा वर्षांचा मुलगा.

आपण गप्प बसलो म्हणून मुलाला गोष्ट मिळावयाची राहिली नाही. ती त्याला दुसऱ्यांनी सांगितली. १९९८ साली 'सत्या' आला आणि भिकू म्हात्रे हे नाव घरोघर पोहोचले. २०१७ च्या जानेवारीत 'रईस' आला. गुजरातेतल्या दारूच्या धंद्यावर मोठा झालेल्या नायकाची ती कथा अहमदाबादच्या अब्दुल लतीफवर बेतलेली आहे असे सर्वत्र बोलले गेले; निर्मात्यांनी ते नाकारले. त्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्याचा नायक आगगाडीने निघाला असता २३ जानेवारी २०१७ च्या रात्री आपल्याच वडोदरे स्थानकावर जी गर्दी लोटली, तिच्यात एका माणसाचा प्राण गेला. त्या फलाटावर केवळ टवाळ पोरे नव्हती, आपल्या घरांतलीही मुले होती. आता तर चित्रपटगृहापर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुलाच्या हातातल्या फोनवर गाण्याच्या दोन ओळी, एक धारदार शस्त्र आणि 'भाई'चा वाढदिवस एवढे पुरते. पुण्यात २०२२-२३ पासून कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आपण वाचतो. पकडलेल्यांत अल्पवयीन मुले असतात, हे वाचून आपण चुकचुकतो आणि पान उलटतो.

कायदा मात्र पान उलटून बसलेला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. म्हणजे न्यायाधीशापुढे जो मुलगा प्रौढ ठरू शकतो, तो आमच्या कथास्पर्धेत अजून आईच्या दोन अश्रूंनी सुधारणारा बाळ आहे. या दोन टोकांच्या मध्ये त्या मुलाशी खरे बोलणारे कोणीच नसावे, ही गोष्ट वाङ्मयाचा अभिमान वाहणाऱ्या समाजाला शोभणारी नाही.

इतर भाषांत काय घडले ते पाहू. अमेरिकेतल्या टल्सा गावी एस. ई. हिंटन नावाच्या शाळकरी मुलीने पंधराव्या वर्षी दोन टोळ्यांवर कादंबरी लिहावयास घेतली. 'द आउटसायडर्स' या नावाने ती १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. तिच्या भोवतालची मुले जशी होती तशी तिच्याविषयीच्या पुस्तकांत दिसत नव्हती, म्हणून तिने ती स्वतः लिहिली. पुढे फ्रेस्नोजवळच्या एका शाळेतल्या मुलांनी सह्यांचे पत्र पाठवून फ्रान्सिस कोपोला यांस या पुस्तकावर चित्रपट काढण्याची गळ घातली आणि १९८३ साली तो निघालाही. आपल्या कोणत्या संस्कारकथेसाठी मुलांनी अशा सह्या गोळा केल्या आहेत? त्याच देशात स्टॅन्ली विल्यम्स या कुप्रसिद्ध टोळीच्या संस्थापकाने तुरुंगातून मुलांसाठी टोळीविरोधी पुस्तके लिहिली. ती १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. चार खुनांसाठी दोषी ठरलेल्या या माणसास डिसेंबर २००५ मध्ये देहदंड झाला. त्याच्या पश्चात्तापाविषयी तेथे दोन तट होते आणि त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु मुलांशी बोलणारा हा माणूस त्या वाटेवरून गेलेला होता, एवढे तर मुलांना दिसत होते.

कोणी म्हणेल, अमेरिकेचे दाखले आम्हांस काय कामाचे? तर मग आपल्याच भाषेतला आणि आपल्याच गावाशी जोडलेला दाखला देतो. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले, त्यांतल्या एका घरातला हा मुलगा. चोरीचे शिक्षण म्हणजे काय, पोलिसांच्या माराला तोंड उघडू नये म्हणून लहान मुलांना घरातच कसा मार खावयास शिकवितात, आणि घरातले पहिले पोर शाळेत गेले तेव्हा वस्तीला ते कसे खुपले, हे त्या पुस्तकात आहे. टोळीत जाणे म्हणजे काय आणि तेथून बाहेर पडणे किती महाग पडते, हे याहून स्वच्छ मराठीत कोठे लिहिलेले आम्हांस आढळले नाही. परंतु किशोरांच्या कपाटात हे पुस्तक आपण ठेवीत नाही, आणि किशोरांसाठी त्याच्या तोडीचे दुसरे लिहवूनही घेत नाही.

हेच लक्ष्मण गायकवाड मार्च १९९८ मध्ये आपल्या वडोदऱ्यात होते. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासह त्यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट येथेच स्थापन केला. गणेश देवी हे मूळचे भोरचे, येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात पूर्वी इंग्रजीचे प्राध्यापक होते. म्हणजे परके कोणी नव्हेत. त्याच वर्षी अहमदाबादेत छारानगर या छारा समाजाच्या वस्तीत एक वाचनालय सुरू झाले. ज्या वस्तीची ओळख शहराला केवळ चोरी आणि दारूच्या भट्ट्या एवढीच होती, तेथे व्याख्यानमालेऐवजी पुस्तकांचे कपाट गेले. तेथे जमणाऱ्या तरुणांनी बंगालमध्ये पोलिसांच्या कोठडीत मारल्या गेलेल्या बुधन शबर याच्यावर नाटक बसविले आणि ऑगस्ट १९९८ मध्ये केले. 'बुधन थिएटर' हे नाव आज देशभर ज्ञात आहे. त्या वस्तीतून वकील, पत्रकार, नट, चित्रपटकार निघाले. सगळे प्रश्न सुटले असे आम्ही म्हणणार नाही. दारिद्र्य आहे आणि पोलिसांचा संशयही आहे. परंतु त्या मुलांना कोणी 'चांगले व्हा' असे सांगितले नाही, त्यांच्यावर काय ओढवले ते सांगण्यास जागा दिली. त्यांच्या नाटकात चोर आहे, भट्टी आहे, पोलीस आहे, शिव्याही आहेत. आमच्या परीक्षकांनी ते निश्चित बाद केले असते.

आणि वाचनालयातून माणूस घडतो ही कल्पना तर आपल्या गावाला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांस बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभारली. ती पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सांभाळली. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जात असत. वाचक ग्रंथालयात येत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हे त्या काळी कळलेले तत्त्व. या इतिहासावर आपण दर वर्षी भाषणे ऐकतो आणि टाळ्या वाजवितो. आपल्या मंडळाचे वाचनालय ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावरच्या गल्ल्याशी संध्याकाळी दहा-बारा मुले स्कूटरी लावून बसलेली असतात. त्यांतला एक तरी आत यावा म्हणून आपण काय केले? दारावर 'येथे वाहने उभी करू नयेत' अशी पाटी लावली.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि काही आलेही आहेत. पहिला असा की, टोळीचे वर्णन केले म्हणजे मुले तिकडे ओढली जातात. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. शस्त्र, पैसा, दरारा एवढेच दाखविणारी कथा निश्चित घातक असते. परंतु त्यावरचा उपाय अर्धी कथा दडविण्याचा नव्हे, उरलेली अर्धी सांगण्याचा आहे. नवे बूट सांगा आणि बुटांची वसुली कशी होते तेही सांगा. म्होरक्या नावाने हाक मारतो हे सांगा. पोलीस आले तेव्हा तेच नाव त्याने पहिल्यांदा पुढे केले, हेही सांगा. मुलाला मोह होतो हे जी कथा मान्य करीत नाही, तिच्या इशाऱ्यावर तो विश्वास का ठेवील?

दुसरा आक्षेप आमच्या स्नेह्यांच्या बैठकीत फार आत्मविश्वासाने मांडला जातो : आपल्या मुलांचा हा प्रश्नच नव्हे. आपण चार पिढ्या येथे आहोत, आपली मुले शिकतात, परदेशी जातात. वाचकहो, त्या चार पानांवरचे आडनाव आम्ही पाहिले आहे. वाडा गेला, पोळ सुटली, एकत्र कुटुंब फुटले. समा-सावली रस्त्याच्या दोन्ही अंगांना आपण दोन-तीन खोल्यांत राहावयास आलो. काहींचे चांगले झाले, काहींचे झाले नाही. ज्यांचे झाले नाही त्यांना आपण गणेशोत्सवाच्या वर्गणीपुरते ओळखतो. पूर्वी ओट्यावर बसलेल्या मुलाला येणारा-जाणारा विचारी, 'कोणाचा रे तू?' आता तो प्रश्न त्याला गल्ल्यावरचा भाई विचारतो.

तिसरा आक्षेप वाङ्मयीन आहे, म्हणून आम्हांस अधिक लागतो. साहित्य म्हणजे समाजसुधारणेचे खाते नव्हे. कथेने मुलाला वाचवावे ही अपेक्षाच अवाङ्मयीन आहे, असे काही मित्र म्हणतात. मान्य. परंतु हे मित्र संस्कारकथेला पारितोषिक देताना गप्प होते! बोध चालतो, केवळ खरेपणा आला की कलेची आठवण होते, ही कोणती समीक्षा? आम्ही कथेकडे उद्धाराची मागणी करीत नाही. कथेने खोटे बोलू नये, इतकीच मागणी आहे. वाचवावयाचे काम शेवटी माणसांनाच करावे लागते. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायांत चेंडू दिला. 'झुंड' या चित्रपटाने २०२२ साली त्यांची कथा सर्वांपुढे आणली. आधी माणूस मुलांपाशी गेला, कथा त्याच्या मागून आली. आपल्याकडे कथाच कथा आहेत, आणि मुलापाशी जाणारे कोणी नाही.

म्हणून मंडळापुढे आमचे तीन प्रस्ताव आहेत. पुढील स्पर्धेत विषय देऊ नये आणि परीक्षकांत किमान एक जण अठरा वर्षांच्या आतला असावा. भाषेच्या शुद्धीसाठी गुण कापू नयेत. वडोदऱ्याच्या मुलाची मराठी गुजरातीत भिजलेलीच असणार, आणि आपल्या पणजोबांचीही तशीच होती. आणि वाचनालय आठवड्यातून दोन संध्याकाळी गल्ल्यावरच्या मुलांसाठी, वर्गणीविना, उशिरापर्यंत उघडे ठेवावे. तेथे बसावयास आम्ही तयार आहोत.

चौथी गोष्ट प्रस्ताव नव्हे, कबुली आहे. बाद केलेली ती कथा, शुद्धलेखन तेवढे सुधारून आणि शेवट न बदलता, या पत्रिकेत छापावी अशी विनंती आम्ही संपादकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. ती या अंकात नाही, कारण लेखकाची संमती मिळालेली नाही. तो पाने घेऊन गेला त्यानंतर वाचनालयाकडे फिरकला नाही. त्याचे घर आम्हांस ठाऊक आहे. चालत गेल्यास दहा मिनिटांचे अंतर आहे, आणि इतक्या महिन्यांत आम्ही तेथे गेलो नाही. हा लेख छापखान्यात देऊन आम्ही आता तिकडेच निघालो आहोत.